समजा, हे घर भाड्याने दिलं

आमचे सर म्हणतात, स्वतःच्या घरात राहणारा प्रत्येक माणूस दर महिन्याला स्वतःलाच भाडं देत असतो. त्याला ते कळत नाही, एवढंच.

अर्थशास्त्राच्या वर्गात हे वाक्य फार भारदस्त वाटतं. पोरं माना डोलावतात. पण हेच वाक्य आपल्या इमारतीच्या जिन्यात, हातात भाजीची पिशवी घेतलेल्या माणसाला ऐकवून पाहा. तो आधी पिशवी घट्ट धरतो.

मी ज्या संस्थेत काम करते ती घरबांधणीच्या धंद्याचा अभ्यास करते. बांधणारे बांधतात, विकणारे विकतात, घेणारे कर्ज काढून रडतात, आणि हे सगळे असं का वागतात याचे आलेख आम्ही काढतो. सिमेंट महागलं की घर महागतं का, घर महागलं की लग्नं लांबतात का, असले आमचे प्रश्न. माझा स्वतःचा प्रबंध विकल्या न गेलेल्या फ्लॅट्सवर आहे. तो लिहून झाल्यावरही आमच्या मोरीचा नळ गळतोच आहे, ही गोष्ट सासूबाई पाहुण्यांच्या कानावर अधूनमधून घालत असतात.

सरांना तोंडावर आम्ही सर म्हणतो आणि पाठ वळली की 'सरासरी'. कारण काहीही सांगा, ते त्याची सरासरी काढतात. लिंबू झाली तेव्हा मी दवाखान्यातून फोन करून तिचं वजन सांगितलं, तर "म्हणजे सरासरीच्या किंचित खालीच," असं म्हणून त्यांनी माझं अभिनंदन केलं होतं.

लिंबू म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी, पिवळट, आणि चेहरा असा की कोणीतरी आंबट चाटवून खाली पाठवलंय. आता दीड वर्षाची आहे, पिवळेपणा गेला, नाव राहिलं. चेहराही गरजेप्रमाणे काढते.

तर, महागाई मोजताना भाडेकरूचं सोपं असतं. तो भाडं देतो, आपण लिहून घ्यायचं. पण जो स्वतःच्या घरात राहतो, त्याला राहायला किती पडतं? हे कळायला एकच मार्ग आहे: त्यालाच विचारायचं. आमच्या समितीने त्यासाठी एक प्रश्न तयार केला. समितीत सगळे मोठे लोक. त्यांनी बरेच महिने बसून, चहा पिऊन, एकमेकांचे स्वल्पविराम काढून तो मंजूर केला. प्रश्न असा: "समजा, हे घर तुम्ही भाड्याने दिलंत, तर महिन्याला किती भाडं येईल?"

या उत्तराला आमच्यात 'गृहीत भाडं' म्हणतात.

आणि एक नियम. प्रश्न का विचारतोय ते आधी सांगायचं नाही. कारण सांगितलं की माणूस कारणाला शोभेल असं उत्तर देतो. सर याला 'उत्तर नासणं' म्हणतात. लिंबाचा थेंब पडलेल्या दुधासारखं.

हा प्रश्न लोकांना नीट कळतो का याची चाचणी कुठल्यातरी एका इमारतीत घ्यायची होती. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी घरून काम करते, आणि घरून करणाऱ्याला रिकामं समजण्याची पद्धत आमच्या संस्थेतही आहे. सर म्हणाले, "हे नीट पार पाडलंस तर तुझं घरून काम कायमचं करून घेऊ. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑफिसला यावं लागेल."

ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. लिंबूला घेऊन जाणं अशक्य, सोडून जाणं त्याहून अशक्य. सासूबाईंचे गुडघे लिंबूच्या वेगाला केव्हाच शरण गेलेत. माझं सगळं काम चालायचं ते समोरच्या दाराच्या भरवशावर. त्या दारामागे सुपरवायझर मावशी राहायच्या. नोकरी शाळेतली, पण नाव मिळवलं ते परीक्षांच्या पर्यवेक्षणात. त्या वर्गात असल्या की पोरं स्वतःच्या पेपरकडे बघायलाही घाबरायची म्हणे. निवृत्त झाल्या, पण नजर निवृत्त झाली नाही. लिंबू आत आली की आधी "मूठ उघड. काय लपवलंस?" अशी तपासणी. लिंबूही पेंगुळल्या डोळ्यांनी, गंभीरपणे एकेक बोट सोडवून बिस्किटाचा चुरा दाखवायची. मग दोघी आत, दार बंद, आणि दुपारचे दोन-अडीच तास माझे.

तेवढ्या तासांत मी माणसासारखी असते. वाक्य सुरू केलं की संपवते.

घरबसल्या इमारत हवी होती, ती पायाखालीच होती. मी ठरवलं, आपल्याच इमारतीत विचारायचं. लोक ओळखीचे, विश्वास आधीपासूनचा, फिरायला नको. इतका सुबक विचार करणाऱ्या माणसाला नियती सहसा जवळून बघत असते.

पहिला प्रयोग घरातच केला. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, समजा, हे घर आपण भाड्याने दिलं—"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तर?"

"तर महिन्याला किती येईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग शेंग सोलली, आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ठरवलंच असेल तर मला काय विचारताय?" मग पुढची शेंग घेतली. मी वहीत लिहिलं: उत्तर नाही. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून नणंदेशी फोनवर बोलताना आवाज आला. "हो, तिनेच सांगितलं. घर भाड्याने दिलं समजा. नाही, मला कुठे ठेवणार ते अजून बोलली नाही."

त्या क्षणी माझ्यातली अर्थशास्त्रज्ञ उभी राहिली. सून मागाहून घाबरली. आपल्या भाषेत 'समजा' म्हणजे 'कल्पना करा' हे खरं. पण 'काम झालं समजा' म्हणजे काम झालंच! समितीने एवढे स्वल्पविराम तपासले, आणि पहिल्याच शब्दात सुरुंग ठेवून दिला होता. मी लगेच सरांना फोन केला.

"इंटरेस्टिंग," सर म्हणाले. "लिहून ठेव. पण शब्द बदलता येणार नाही. मंजूर आहे."

"सर, माझी सासू सामान बांधतेय."

"एकाच घरावरून निष्कर्ष काढू नये."

सासूबाईंना मी संध्याकाळी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून कपाटाची किल्ली कमरेला गेली, आणि घराची बेल वाजली की आधी त्या बघायच्या, मग मी.

नवरा म्हणाला, "सगळ्यांना सरळ सांगून टाक ना, सर्व्हे आहे म्हणून."

"सरळ सांगायला आमच्या शास्त्रात बंदी आहे."

"मग शेजारीपाजारी सोडून दुसरीकडे तरी जा."

"आणि लिंबू?"

तो लिंबूकडे बघायला लागला. आमच्या घरातल्या बहुतेक चर्चा इथे येऊन थांबतात.

दुसऱ्या दिवशी खालच्या चेअरमन काकांकडे गेले. सोसायटीचे चेअरमन. पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळ्यांवर त्यांची बारीक नजर. मी प्रश्न विचारला. काकांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोणी विचारलंय?"

"मी विचारतेय, काका."

"ते दिसतंय, सूनबाई. विचारायला कोणी लावलंय?"

"आमच्या संस्थेने. पण कशासाठी ते नंतर सांगते. आधी उत्तर."

"अस्सं. म्हणजे आधी सही, मग वाचायचं." काकांनी डोळे इतके बारीक केले की मला वाटलं त्यांना झोप लागली. मग ते एकदम म्हणाले, "काही येणार नाही! कोण देतंय भाडं या घराला? पाणी चढत नाही, डास आहेत, वरचे लोक रात्रंदिवस फर्निचर सरकवतात."

वरचे म्हणजे आम्हीच. आणि ते फर्निचर म्हणजे लिंबू स्टूल ढकलते.

"शिवाय भिंतींना ओल आहे. अगं, हिला ओल दाखव!"

काकू आतून पदराला हात पुसत आल्या. "कुठली ओल?"

"दाखव म्हटलं ना!"

काकूंनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि निराश होऊन म्हणाल्या, "मागच्याच वर्षी तर रंग दिला हो." काकांनी कपाळावर हात मारला. घरपट्टी वाढवणाऱ्या खात्याचा हेर घरात शिरलाय आणि बायको त्याला रंगाची माहिती देतेय, असा तो हात होता.

सगळ्यात वरच्या मजल्यावर लाँड्रीवाले काका राहतात. त्यांच्यापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती, पण जिने चढताना ती उलटी झाली होती. त्यांनी दार उघडलं तेच हसत. "या, या! पार्टी कुठली आहे?"

"पार्टी नाही हो. समजा, हे घर—"

"समजलं!" ते म्हणाले आणि असा आकडा सांगितला की महिन्याचा की वर्षाचा, हे मला दोनदा विचारावं लागलं. "वारा बघा. उजेड बघा. खालचा चेअरमन ओल आहे म्हणाला असेल, ती त्याच्याकडे. माझ्याकडे कोरडं ठणठणीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला नवा रंग लावायला घेतला. ते बघून चेअरमन काकांना खात्रीच पटली, की वरचा विकला गेलाय.

आता राहिल्या मावशी. खरं सांगते, त्यांच्याकडे मी प्रश्न म्हणून गेलेच नव्हते, लिंबूला घ्यायला गेले होते. लिंबू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होती. इतकी निवांत दुपार होती, की वाटलं, आता इथेही विचारून टाकू, चहाबरोबर होऊन जाईल.

"मावशी, समजा, हे घर तुम्ही भाड्याने दिलंत—"

मावशींनी लिंबूच्या तोंडातून चष्मा काढून घेतला. डोळ्यांवर लावला. त्या काचांतून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं पूर्वी कुठल्याकुठल्या पोरांच्या वाट्याला आलं असेल, देव जाणे.

"समजा म्हणालीस?"

"हो. म्हणजे—"

"तू पण?"

त्यांनी लिंबूला उचलून माझ्या कडेवर दिलं. तिची बाटली दिली, टोपी दिली, तिचा एक मोजा शोधून दिला. सगळं नीट. "उद्यापासून हिला आणू नकोस," म्हणाल्या, आणि दार लावलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लावलं.

कारण मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळलं. मावशींचं आणि त्यांचं रोज संध्याकाळी जिन्यात बोलणं होतं. मावशींचा एक भाचा परगावी असतो. तो आठवड्याला फोन करतो आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकच: "आत्या, समजा, हे घर भाड्याने दिलं आणि तू आमच्याकडे राहायला आलीस, तर?" त्याच्याकडे म्हणजे मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत, एका बाजूच्या पलंगावर. मावशी त्याला दर वेळी उडवून लावतात. "आता त्यांना वाटतंय," सासूबाई कपाटाची किल्ली चाचपत म्हणाल्या, "त्याने तुला हाताशी धरलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं हो. फक्त आपल्या घरात भाचा कोण, तेवढं कळेना."

मी समोरच्या दारावर टकटक केली. एकदा, मग पुन्हा. आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, पाऊल यायचं नाही. लिंबू आमच्या जाळीच्या दाराला धरून उभी राहायची आणि हाका मारायची, "माशी! ओ माशी!" दार उघडायचं नाही. मग ती तो आंबट चेहरा काढायची. तो मला बघवत नसे.

आणि काम? काम लिंबूच्या सोबतीने सुरू झालं. तिने एक आलेख चघळला. तिने माझ्या नावे समितीच्या अध्यक्षांना ओळभर 'ळळळळळ' पाठवलं, आणि अध्यक्षांनी "मुद्दा विचारात घेतला जाईल" असं उत्तर दिलं. सरांशी फोनवर बोलत होते तर तिने स्टूल ढकलून वर रडारड केली. सर दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "तुमच्याकडे बांधकाम सुरू आहे का?"

"नाही सर. हेच आहे नेहमीचं."

इमारतीत आता प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता. चेअरमन काकांना वाटे, लाँड्रीवाले विकून चाललेत. लाँड्रीवाल्यांना वाटे, चेअरमन आपली पार्टी फोडतोय. आणि माझा संशय दोघांनाही. त्यातच एक दिवस फाटकाशी डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला एक एजंट येऊन उभा राहिला. मी कचरा टाकायला उतरले, तर त्याने अदबीने पिशवी माझ्या हातातून घेतली.

"मॅडम, इथली घरं तुम्हीच काढताय ना? ऐकलंय आम्ही. आपलं अर्धं अर्धं करू."

"मी घरं काढत नाही. मी अभ्यास करते!"

"तेच मॅडम. आम्ही पण अभ्यासच करतो."

हे बोलणं चालू असताना मी वर बघितलं. प्रत्येक खिडकीत एकेक डोकं होतं. माझ्यासारख्या प्रबंध लिहिलेल्या बाईची कचऱ्याची पिशवी एका दलालाच्या हातात, आणि तो मला "ताई, नंबर सेव्ह करा" म्हणतोय. एकच खिडकी बंद होती. मावशींची.

मग मी ठरवलं, संस्थेचं अधिकृत पत्र आणायचं. शिक्क्याचं. शिक्का बघितला की लोक शांत होतात, असा माझा तेव्हा समज होता. पत्र मिळायला संस्थेत सात टेबलं फिरावी लागतात, आणि प्रत्येक टेबलावर त्यात एक शब्द वाढतो. मी मागितलं होतं एवढंच, की ही बाई आमची आहे, घाबरू नका. आलं ते असं:

"आपल्या इमारतीतील स्वमालकीच्या घरांचे गृहीत भाडे निश्चित करण्याचे काम सुरू आहे. रहिवाशांनी सहकार्य करावे. जे उत्तर देणार नाहीत, त्यांना शेजारच्या घराचे भाडे लागू करण्यात येईल."

यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. आमच्यात पद्धतच आहे, ज्याचं उत्तर मिळत नाही त्याच्या रकान्यात तशाच शेजारच्या घराचं उत्तर लावायचं. पण मी कागद वाचायच्या आतच नवऱ्याने तो उत्साहाने सोसायटीच्या फलकावर लावला होता. अंगठ्याने चारी टाचण्या नीट दाबून.

तासाभरात बेल. चेअरमन काका दारात, मागे लाँड्रीवाले. दोघांना एकत्र आणण्याचं काम माझ्या हातून तरी झालं.

"सूनबाई, स्वतःच्या घरात राहायचं भाडं भरायचं? आणि नाही बोललो तर याचं भरायचं?"

"माझं भाडं त्याला परवडणार आहे का!" लाँड्रीवाले मागून ओरडले.

रविवारी सभा ठरली. मी सरांच्या हातापाया पडून त्यांना बोलावलं. सर खूश झाले. लोकांशी थेट संवाद साधावा असं त्यांना नेहमी वाटायचं, कारण त्यांनी तो कधी साधला नव्हता. खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या. सासूबाई पहिल्या रांगेत, किल्ली कमरेला. मावशी अगदी शेवटी, भिंतीला टेकून, जिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात अशा जागी. लिंबू माझ्या कडेवर, मान वळवून वळवून मागे बघत.

सर उभे राहिले. "घाबरण्याचं कारण नाही. कोणीही भाडं भरायचं नाहीये. ते तुम्ही आधीपासूनच भरताय."

सभेत एक थंड झुळूक फिरली.

"कोण भरतंय?" चेअरमन.

"तुम्ही. दर महिन्याला. स्वतःला."

"मी कधी भरलं नाही!"

"तुम्हाला कळत नाही, पण भरता."

"आणि घेतो कोण?"

"तुम्हीच घेता."

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मला मिळालेलं नाही," ते म्हणाले. मग सभेकडे वळून, आवाज चढवून: "भरतोय मी, मिळत मला नाही, मग मधल्या मध्ये खातंय कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीसुद्धा.

"साहेब," लाँड्रीवाले म्हणाले, "तुमच्या घराचं किती धरलंय?"

सर खाकरले. "माझं घर नाही. मी भाड्याने राहतो. लग्न झाल्यापासून. किमती उतरायची वाट बघतोय."

"उतरतील?"

"आलेख तसंच सांगतो. दर वर्षी."

फाटकाशी उभा असलेला एजंट हे ऐकून दोन पावलं पुढे आला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मला एक विचारायचंय." मावशी उभ्या राहिल्या होत्या. कुजबुज आपोआप थांबली, पाय आपोआप जुळले. लाँड्रीवाल्यांनी हातातला कागद उगाचच उलटा ठेवला.

"उत्तर दिलं नाही, तर शेजाऱ्याचं लावणार?"

"हो," सर म्हणाले. "ती शास्त्रीय पद्धत आहे."

"शेजाऱ्याचं बघून आपल्या पेपरात लिहायचं."

"म्हणजे... एका अर्थी—"

"आम्ही त्याला कॉपी म्हणतो," मावशी म्हणाल्या. "वर्षभर घरी बसवायचो."

सर आयुष्यात पहिल्यांदा कशाचीही सरासरी न काढता खाली बसले.

"बरं," मावशी पुढे म्हणाल्या, "मी उत्तर देणार नाही. माझा शेजार कोणाचा? हिचा. म्हणजे हिचंच मला लागणार. मग आधी ही सांगू दे." त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "बोल. समजा, तुझं घर तू भाड्याने दिलंस, तर किती येईल?"

अख्खी सभा माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं. मला हे यायला हवं होतं. या भागातले भाव माझ्या बोटांवर आहेत. चौरस फूट, मजला, लिफ्ट, अंतर, मी झोपेतही सांगेन. पण डोळ्यांसमोर आली ती स्वयंपाकघराची भिंत, जिच्यावर लिंबूच्या तेलकट पंजांची रांग आहे आणि जी मी कोणाला पुसू देत नाही. ते स्टूल आलं. तो गळका नळ, ज्याच्या ठिबकण्यावर ती झोपते. तिथे एखादा परका माणूस उभा राहून भिंत न्याहाळतोय. हा कोण? याला कोणी पाठवलं? सासूबाईंना विचारलं असेल का? की नवऱ्याने परस्पर?

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "का हो मावशी? कोणी विचारत होतं का?"

आधी चेअरमन काका हसले. हसता हसता खुर्चीवरून घसरले. "बघा! बघा! हिलाही तेच!" लाँड्रीवाले हसले, नवरा हसला, सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि आता तिची गरज नाही अशा थाटात त्यांनी कमरेची किल्ली काढून हातात घेतली. सर घाईघाईने काहीतरी लिहून घेत होते. सभा तिथेच संपली. लाँड्रीवाले आणि एजंट मिळून सरांना वरचं घर दाखवायला घेऊन गेले. सर जाता जाता मला एवढंच म्हणाले, "तू घरूनच काम कर. ऑफिसात आलीस तर समितीलाही हा प्रश्न विचारशील."

हसल्या नव्हत्या त्या फक्त मावशी.

मी लिंबूला घेऊन वर आले तर त्या आपल्या दाराशी उभ्या होत्या. किल्ली कुलपात, पण फिरवलेली नाही.

"भाच्याने पाठवलं नव्हतं ना तुला?"

"मी त्याला बघितलंही नाही हो. फोटोतसुद्धा नाही."

"त्या तुमच्या सरांना बघून पटलं. असला माणूस कोणाला फसवणार नाही. तो स्वतःच फसलाय." किल्लीवरचा हात काढून त्या म्हणाल्या, "पण विचारलंस ते तू. इमारतीत दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी आकडा तोंडावर फेकून दार लावलं असतं."

"मावशी, तुम्ही हे घर खरंच कोणाला दिलंत तर माझं काय होईल, कळतं का तुम्हाला?"

"कळतं. तुझं काम अडेल."

"कामही अडेल."

त्या 'कामही'कडे त्यांनी बराच वेळ चष्म्यातून बघितलं. शब्द कुठून उचललाय का, ते तपासत असाव्यात. लिंबू माझ्या कडेवरून पूर्ण वाकून त्यांच्या पदराला लोंबकळत होती, पण त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निकाल लागायच्या आत त्या कोणाशी बोलत नसत.

"उद्या दुपारी आण," शेवटी म्हणाल्या. "पण एक सांगते. जागी आण."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपलेली आणून टाकतेस ती आणू नकोस. झोपलेलं पोर काय करायचंय मला? बघत बसू? उठून जरा खेळायला लागते तोवर तू न्यायला हजर."

मी आपली त्यांना त्रास नको म्हणून तिला आधी थोपटून, पेंगुळवून, निम्मी झोपवूनच तिकडे नेत होते. माझ्या मते तो केवढा मोठा समंजसपणा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबूच्या तोंडावर गार पाण्याचा हात फिरवला, तिला उभी केली आणि समोर चालवत नेली. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचं अंतर तिने दोनदा बसून, एकदा माझी चप्पल काढून पार केलं. दार उघडंच होतं. मावशींनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोळे बघू," म्हणाल्या. मग माझ्याकडे, संशयाने: "पापण्या जड आहेत हिच्या. दारातच थोपटलंस ना?"